डाग कोणाचा? आणि कशाचा?

पुणे–नगर रस्त्यावरच्या शिक्रापूर पोलीस ठाण्यातून एखाद्या गुन्ह्याचा मुद्देमाल पुण्याला, गणेशखिंडीतील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो, तेव्हा सीलबंद पाकिटांबरोबर तपास अधिकाऱ्याचे एक पत्र असते. कोणती वस्तू कुठून जप्त केली आणि ती कोणत्या पाकिटात आहे, याची नोंद त्यात असते. शेवटी असतात प्रश्न. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात हे प्रश्न फिरून फिरून दोनच असतात. या कपड्यावर, या स्वॅबवर किंवा या नखांच्या तुकड्यांत जे लागले आहे, ते नेमके काय आहे? आणि ते कोणाचे आहे?

प्रयोगशाळेचे उत्तर पोलिसांच्या आणि वकिलांच्या भाषेत ‘सीए रिपोर्ट’ म्हणून परत येते. डीएनए चाचणी आल्यापासून त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘कोणाचे?’ याचे उत्तर कमालीचे नेमके झाले. पहिला प्रश्न मात्र अनेकदा अर्धवटच राहतो. रक्त आणि वीर्य ओळखण्याच्या खात्रीच्या चाचण्या आहेत. लाळेच्या बाबतीत अंदाज बांधता येतो. योनिस्रावाच्या बाबतीत तर नेहमीच्या रासायनिक चाचण्या जवळपास गप्पच बसतात. ही पोकळी भरण्यासाठी काही देशांतील संशोधकांनी गेल्या दीड दशकात एक वेगळाच साक्षीदार शोधला आहे. तो म्हणजे आपल्या शरीरावर आणि शरीरात राहणारे जिवाणू.

देसाईगंजचा धडा

या दोन प्रश्नांचे मोल समजून घ्यायचे, तर महाराष्ट्रातलाच एक जुना खटला आठवावा लागतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर सुमारे वीस तासांनी झाली. शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत वीर्य सापडले नाही. मुलीच्या कपड्यांवर आणि आरोपी पोलिसाच्या पायजम्यावर मात्र ते सापडले.

म्हणजे १९७२ मध्ये प्रयोगशाळा डाग ‘कशाचा’ आहे हे सांगू शकत होती. ‘कोणाचा’ हे सांगण्याचे साधन तिच्याकडे नव्हते, फार तर रक्तगटापर्यंत मजल जाई. माणसाच्या ओळखीसाठी डीएनए वापरण्याचा शोध इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना लागला तो १९८४ मध्ये. देसाईगंजच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरले. वीस तास उलटून गेले होते आणि मधल्या वेळेत मुलीने आंघोळ केली असण्याची शक्यता होती, त्यामुळे शरीरावरच्या नमुन्यांत काही न सापडणे महत्त्वाचे नाही, असे खंडपीठाचे मत होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

शेवटचा निकाल डागावर फिरला नाही, तो संमतीच्या प्रश्नावर फिरला. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते, असे कारण देण्यात आले. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली.

या खटल्यातून दोन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत. नमुना किती वेळाने आणि कसा घेतला, यावर प्रयोगशाळेचे उत्तर अवलंबून असते. आणि प्रयोगशाळा कितीही पुढे गेली, तरी संमती होती की नव्हती हे कुठलाही डाग सांगत नाही.

डीएनएला न कळणारी गोष्ट

आपल्या शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत एकच डीएनए असतो. गालाच्या आतल्या पेशीत जो, तोच हाताच्या कातडीत, तोच योनिमार्गाच्या अस्तरात. म्हणूनच गालाचा स्वॅब घेऊन तो कपड्यावरच्या डागाशी ताडून पाहता येतो. पण डीएनएची हीच ताकद त्याची मर्यादाही ठरते. पेशी कोणाची हे तो सांगतो, ती शरीराच्या कोणत्या भागातून आली हे मात्र नेहमीची डीएनए चाचणी सांगत नाही.

हे अंतर न्यायालयात किती मोठे ठरते, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. तक्रारदार महिलेचे म्हणणे आहे की आरोपीने बोटांनी अत्याचार केला. आरोपी म्हणतो, ‘मी फक्त तिचा हात धरला होता.’ आरोपीच्या नखांच्या तुकड्यांत महिलेचा डीएनए सापडतो. आता हा डीएनए कोणाच्या बाजूने बोलतो? दोघांच्याही. हात धरला तरी कातडीच्या पेशी नखांत जाऊ शकतात. ‘कोणाचा’ याचे उत्तर शंभर नंबरी मिळूनही खटला जिथे होता तिथेच राहतो. नखांतला अंश कातडीचा की योनिस्रावाचा, हे कळले तरच दोन्ही कहाण्यांत फरक करता येईल.

हा प्रश्न कायद्यातल्या बदलामुळे आणखी महत्त्वाचा झाला. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या रुंदावली. बोटाने किंवा एखाद्या वस्तूने केलेला प्रवेश, तसेच तोंडाने केलेला अत्याचारही तिच्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हीच व्याख्या आहे. अशा गुन्ह्यांत वीर्य सापडण्याचा प्रश्नच नसतो. तेव्हा पुरावा असतो तो लाळेचा किंवा योनिस्रावाचा, आणि नेमके हेच दोन स्राव ओळखणे अवघड असते.

जुन्या चाचण्या कुठे थांबतात

डागाची ओळख पटवण्याच्या नेहमीच्या चाचण्या रसायनांवर चालतात. वीर्यासाठी ॲसिड फॉस्फटेज या विकराची प्राथमिक चाचणी होते. पण हे विकर थोड्या प्रमाणात योनिस्रावातही असते, म्हणून पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधतात किंवा पीएसए या प्रथिनाची चाचणी करतात. प्रोस्टेटच्या तपासणीसाठी वडीलधाऱ्यांच्या रक्तात जे पीएसए मोजतात, तेच हे. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, तेव्हा ही चाचणी विशेष उपयोगी पडते.

लाळेसाठी अमायलेज शोधतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो या विकरामुळे. पण अमायलेज आईच्या दुधात असते, विष्ठेतही असते. त्यामुळे ‘लाळ असू शकते’ इतकेच म्हणता येते. योनिस्रावासाठी मात्र अशी सर्वमान्य, ठाम रासायनिक चाचणी नाही. पेशींतल्या आरएनए रेणूंवरून अवयव ओळखण्याची पद्धत विकसित झाली आहे, कारण कोणत्या पेशीत कोणती जनुके चालू आहेत हे आरएनए सांगतो. पण आरएनए नाजूक असतो, ऊन आणि ओल यांनी तो लवकर तुटतो.

प्रत्येक अवयवाची वेगळी वस्ती

शिरूर तालुक्यातच पाहा. भीमेकाठच्या काळ्या जमिनीतले पीक वेगळे आणि पाबळकडच्या माळरानावरचे वेगळे. पाणी, माती, हवा बदलली की रानात उगवणारे बदलते. शरीरातल्या जिवाणूंचेही असेच आहे. तोंड ओलसर आणि अन्नाने भरलेले, त्वचा कोरडी आणि खारट, आतडे प्राणवायूविना, योनिमार्ग आम्लधर्मी. प्रत्येक ठिकाणी तिथल्या हवामानाला मानवणारे जिवाणू नांदतात.

योनिमार्गातल्या जिवाणूंचे पहिले महत्त्वाचे वर्णन जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये केले. पुढे लॅक्टोबॅसिलस या नावाने ओळखले गेलेले हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू साधारण चारच्या आसपास राहतो आणि बाहेरच्या रोगजंतूंना थारा मिळत नाही. स्त्रीच्या शरीराचे हे नैसर्गिक संरक्षण आहे. न्यायसहायक विज्ञानासाठी त्याचा अर्थ असा की लॅक्टोबॅसिलसच्या काही खास प्रजाती एखाद्या नमुन्यात भरपूर सापडल्या, तर तो योनिस्राव असण्याची शक्यता वाढते.

न्यूझीलंडमधील रेचल फ्लेमिंग आणि सॅलीॲन हार्बिसन यांनी २०१० मध्ये हेच तत्त्व वापरून लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस आणि लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या दोन प्रजातींची चाचणी मांडली. त्याआधी २००९ मध्ये जपानमधील हिरोआकी नाकानिशी आणि सहकाऱ्यांनी लाळेसाठी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस हा जिवाणू निवडला होता. तो जिभेवर आणि घशात राहतो. आपण गिळलेल्या, थुंकलेल्या प्रत्येक थेंबाबरोबर तो बाहेर पडतो. विष्ठेसाठी याच जपानी गटाने बॅक्टेरॉइड्स या आतड्यातल्या जिवाणूंच्या प्रजाती वापरल्या.

चाचणीची पद्धत आता वाचकांना अनोळखी नाही. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेला ‘पीसीआर’ इथेही कामाला येतो. विषाणूऐवजी ठरावीक जिवाणूच्या जनुकाचा तुकडा शोधायचा आणि तो असेल तर त्याच्या असंख्य प्रती काढायच्या. दुसरी पद्धत अधिक व्यापक आहे. प्रत्येक जिवाणूत ‘१६एस’ नावाचे जनुक असते. त्याचा काही भाग सगळ्यांत सारखा आणि काही भाग प्रत्येक गटात वेगळा असतो, एकाच नमुन्याच्या गाडीपाटीवर राज्याची अक्षरे सारखी आणि पुढचा क्रमांक वेगळा असावा तसा. डागातल्या सगळ्या जिवाणूंची ही पाटी वाचली की तिथे कोणाकोणाची, किती वस्ती आहे याची यादी मिळते. मग ती यादी तोंडाच्या, त्वचेच्या, योनिमार्गाच्या किंवा आतड्याच्या याद्यांपैकी कोणाशी जुळते, हे संगणक ताडून पाहतो.

जिवाणू निवडण्यामागे आणखी दोन कारणे आहेत. एक संख्या. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, त्यामुळे डाग बारीक असला तरी सापडण्याची आशा असते. दुसरे चिवटपणा. लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस यांची पेशीभित्तिका जाड असते. माणसाची पेशी फुटून गेली तरी त्यांचा डीएनए आतमध्ये काही काळ सुरक्षित राहू शकतो. झुरिचच्या संशोधकांनी २०१९ मध्ये शारीरिक स्रावांचे नमुने तीस दिवस खोलीतल्या हवेत उघडे ठेवून पाहिले. तेवढ्या काळानंतरही जिवाणूंच्या यादीवरून स्रावाचा प्रकार बऱ्याच अंशी ओळखता आला.

एकूण नमुन्याचा थोडा अंश मानवी डीएनएसाठी काढला जातोच. त्याच अर्कात जिवाणूंचा डीएनएही उतरतो. त्यामुळे ‘कोणाचे?’ आणि ‘कशाचे?’ हे दोन्ही प्रश्न एकाच तुकड्याला विचारता येतात. नखाच्या टोकाएवढा नमुना असताना ही सोय मोठी असते.

साक्षीदार खरा, पण उलटतपासणी हवी

इथपर्यंत वाचून हा प्रश्न सुटलाच असे वाटेल. तसे नाही. जगभरात ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे, आणि त्याची कारणे पक्की आहेत.

पहिले कारण, सगळ्या स्त्रियांची जिवाणू-वस्ती सारखी नसते. जॅक राव्हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वेगवेगळ्या वंशगटांतील ३९६ निरोगी उत्तर अमेरिकी महिला होत्या. त्यांच्या योनिमार्गातील जिवाणूंचे पाच प्रमुख प्रकार आढळले. सुमारे एक चतुर्थांश महिलांमध्ये लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्वच नव्हते. जवळपास एक तृतीयांश महिलांत लॅक्टोबॅसिलस आयनर्स ही वेगळी प्रजाती पुढे होती. म्हणजे फक्त क्रिस्पॅटस आणि गॅसेरी शोधणारी चाचणी अनेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत रिकामी परत येऊ शकते. पाळीच्या दिवसांत, संसर्ग झालेला असताना किंवा प्रतिजैविके घेतल्यावर वस्ती आणखी बदलते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. वयात न आलेल्या मुलींच्या आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या शरीरात लॅक्टोबॅसिलसचे प्रमाण कमी असते, कारण ही वस्ती इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसली जाते. पोक्सो कायद्याखालच्या प्रकरणांत पीडित अनेकदा लहान मूल असते. तिथे ही चाचणी नकारार्थी आली, म्हणून ‘अत्याचार झाला नाही’ असा अर्थ काढणे ही घोडचूक ठरेल. चाचणीत काही न सापडणे हा आरोपीच्या निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. देसाईगंजच्या खटल्यात नागपूर खंडपीठाने रिकाम्या नमुन्याकडे जसे पाहिले, तसेच इथेही पाहावे लागेल.

तिसरे कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. दही विरजते तेही जिवाणूंमुळे, आणि त्यांतले काही लॅक्टोबॅसिलस किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक असतात. त्याहून पंचाईत अशी की दह्यात सर्रास सापडणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा लाळेतल्या सॅलिव्हेरियसचा इतका सख्खा भाऊबंद आहे, की काही वर्षे तो त्याचीच उपप्रजाती मानला जात होता. ताक सांडलेला सदरा आणि लाळ लागलेला सदरा यांत फरक करायचा, तर ‘स्ट्रेप्टोकॉकस सापडला’ एवढे पुरत नाही. चाचणी थेट प्रजातीपर्यंत पोहोचली पाहिजे आणि ती इथल्या खाण्यापिण्याच्या डागांवर आधी पारखली पाहिजे.

चौथे कारण, परदेशातले मापदंड जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट भारतीयांत विशेष प्रमाणात आढळले. तंतुमय, धान्यप्रधान आहार घेणाऱ्या समाजांत प्रिव्होटेला वाढतो, असे इतर देशांतही दिसले आहे. जपानी चाचणी ज्या बॅक्टेरॉइड्सवर उभी आहे, ते प्रत्येक भारतीय नमुन्यात तितक्याच जोरात असतील असे गृहीत धरता येत नाही. आपली चाचणी आपल्या लोकांच्या, आपल्या गावांतल्या नमुन्यांवर तपासूनच ठरवावी लागेल. जिवाणूंचे संकलन आणि अभ्यास करणाऱ्या मोठ्या संस्था पुण्यातच आहेत. न्यायसहायक प्रयोगशाळा आणि या संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले, तर ते जमण्यासारखे आहे.

पाचवी अडचण तर्काची आहे. समजा, एका मुलाच्या गालावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये आरोपीचा डीएनए आणि लाळेचे जिवाणू दोन्ही सापडले. यावरून आरोपीची लाळ मुलाच्या गालावर होती, असे लगेच म्हणता येईल का? नाही. लाळ मुलाची स्वतःची असू शकते आणि आरोपीचा डीएनए हाताच्या स्पर्शाने आलेला असू शकतो. जिवाणू ‘लाळ आहे’ एवढे सांगतात, डीएनए ‘हे दोघे आहेत’ एवढे सांगतो. या दोन वाक्यांना जोडणारा दुवा तज्ज्ञाला वेगळा सिद्ध करावा लागतो. डीएनएचे प्रमाण किती, इतर ठिकाणच्या स्वॅबमध्ये काय आले, घटनाक्रम काय सांगतो, हे सगळे एकत्र मांडावे लागते. शिवाय जिवाणू एका शरीरावरून दुसऱ्या शरीरावर जातात. संबंधानंतर पुरुषाच्या शरीरावर लॅक्टोबॅसिलस सापडू शकतात, आणि ते आधीच्या, वेगळ्या संबंधातले असू शकतात.

प्रयोगशाळेच्या आधीची प्रयोगशाळा

एवढे सूक्ष्म विज्ञान शेवटी टिकते ते एका साध्या गोष्टीवर. नमुना कोणी, कधी आणि कसा घेतला? हे काम शिक्रापूरसारख्या गावांतल्या आणि तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत, अनेकदा रात्रपाळीच्या डॉक्टरांकडून होते.

महाराष्ट्रात या तपासणीच्या दर्जावर ठोस बोट ठेवले ते सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी. लैंगिक अत्याचारग्रस्तांची तपासणी किती त्रोटक आणि अशास्त्रीय पद्धतीने होते, हे त्यांच्या २०१० च्या अहवालाने दाखवले. त्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘टू-फिंगर टेस्ट’ ही अपमानास्पद आणि निरुपयोगी चाचणी करायची नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तेच बजावले.

स्वॅब आणि कपडे सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, हा या कामातला पहिला धडा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते. पावसाळ्यात तर चोवीस तासांतही बुरशी धरू शकते. मानवी डीएनए त्यात खराब होतोच, आणि जिवाणूंच्या चाचणीचे नुकसान त्याहून मोठे असते. ओलीत बाहेरचे जिवाणू वाढतात आणि मूळ वस्तीची यादीच बदलून टाकतात. वाळलेल्या कपड्यातले जिवाणू वाढत नाहीत, जसे होते तसे थिजून राहतात. म्हणजे उद्या ही नवी चाचणी सर्वत्र आली, तरी तिचा पाया आजच्याच कागदी पाकिटात आहे.

आरोपीच्या तपासणीबाबतही कायदा स्पष्ट आहे. रक्त, वीर्य, लैंगिक गुन्ह्यांतील स्वॅब आणि नखांचे तुकडे यांची आधुनिक वैज्ञानिक तपासणी २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद याच संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मुदत संपेपर्यंत गावागावातून प्रयोगशाळेत येणाऱ्या पाकिटांची संख्या वाढत जाणार, आणि नमुना घेणाऱ्या हातांचे प्रशिक्षणही तितक्याच वेगाने व्हायला हवे.

घरातल्यांनी काय लक्षात ठेवावे

अत्याचार झालेल्या व्यक्तीला पहिल्यांदा गरज असते ती उपचारांची आणि विश्वासाची. पुराव्याचा विचार त्यानंतर. तरी काही गोष्टी घरच्यांना माहीत असतील तर पुढचा मार्ग सोपा होतो.

शक्य असेल तर तपासणीपूर्वी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे बदललेच तर ते कागदात किंवा कागदी पिशवीत ठेवून रुग्णालयात न्यावेत, प्लास्टिकमध्ये नाही. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात आणि त्यानंतरही जखमा, वेदना, मानसिक आघात यांची नोंद महत्त्वाची असते.

उपचारांसाठी आधी पोलीस तक्रार असावी लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारग्रस्त व्यक्तीवर तातडीने आणि मोफत प्रथमोपचार किंवा उपचार केले पाहिजेत. ते नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार गुन्हा आहे. तपासणी संमतीनेच होते. एखाद्या भागाच्या तपासणीला नाही म्हणण्याचाही हक्क असतो, आणि नाही म्हटले म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. डॉक्टरांनी अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

जिवाणूंची चाचणी न्यायालयात रुळायला अजून वेळ लागेल. ती येईल तेव्हाही तिचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे ठणठणीत नसेल. ‘हा नमुना कातडीपेक्षा योनिस्रावाचा असण्याची शक्यता अधिक आहे’ अशा मोजून-मापून लिहिलेल्या वाक्यात ते येईल. न्यायाधीशांना, वकिलांना आणि पोलिसांना अशी वाक्ये वाचण्याची सवय करावी लागेल. एका बाजूला संशयाचा फायदा घेऊन सुटणारा गुन्हेगार आणि दुसऱ्या बाजूला चुकीच्या अर्थाने अडकणारा निरपराध, या दोघांच्या मधली वाट त्या मोजक्या शब्दांतूनच जाते. आणि त्या शब्दांना काही अर्थ राहावा, यासाठी रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने स्वॅब नीट वाळवून, कागदी पाकिटात घालून, त्यावर वेळ लिहिलेली असावी लागते.